मूठभर जुना भुसा

सुनेनं आज बाळाच्या खोलीत फिनेलनं फरशी पुसली आणि तो वास माझ्यापर्यंत आला.

तरुणपणी नांदेडच्या एका कॉलेजात मी प्रयोगाच्या उंदरांचे पिंजरे धुवायचो. नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीचा पिंजरा मुतानं इतका घाण मारत होता, की मी सगळा भुसा फेकला, पिंजरा फिनेलनं घासला आणि गुलाबी पिल्लं कोऱ्या भुशावर ठेवली. सकाळी भुशात एक इवलासा पाय उरला होता. आईच्या मिशांना रक्त होतं. मी तिथंच ओकलो.

"लई साफ केलास रं," सोबतचे गंगारामभाऊ म्हणाले. "मूठभर जुना भुसा ठिवावा लागतो. तिला लेकराचा वास नको का यायला?"

तेव्हा मला त्या आईची किळस आली होती. आता हा वास आला की माझ्याच हातांची येते.

सून बाळाखालची जुनी साडी धुवायला काढत होती.

"राहू दे ती!" मी ओरडलोच.