जाड नळीची सायकल

रोड बाइकची फ्रेम मी बोअरचा पाइप निवडतात तशी निवडली: नळी जितकी जाड आणि जड, तितकं पोलाद चांगलं. लातूरच्या मेव्हण्याशी सायकलवर त्याच्या आधी भोकर गाठायची पैज होती. पहिल्याच चढाला मी उतरून सायकल ढकलू लागलो.

मागून सायकलवर आलेली एक पन्नाशीची बाई थांबली. तिनं बांगडीनं माझी नळी वाजवली, मग स्वतःची. माझी ठप्प वाजली, तिची कितीतरी वेळ घुमत राहिली.

"माझी नळी टोकाला जाड, मधी पातळ हाय. जोर जोडापाशीच येतो. म्या सोता जोडली," ती पोरीचा बारावीचा निकाल सांगावा तशी म्हणाली.

मीही ताठ्यात म्हणालो, "माझी शंभर वर्षं टिकेल!"

"सायकल टिकंल हो भाऊ. तुम्ही भोकरपर्यंत टिकताव का?"