हा संग्रह कोणासाठी

हिंदी मुलखातल्या रिसालीच्या आमच्या विहारात कॅसेटींनी भरलेली एक पेटी होती. संध्याकाळची वंदना आटोपली की बाया तिथेच बसून स्वतः जुळवलेली गाणी म्हणायच्या आणि कोणीतरी टेप सुरू करून ठेवायचं. त्या बायांपैकी आता माझी आई तेवढी उरली आहे. नात जन्मली तेव्हा आईने तिच्यावर एक गाणं केलं होतं, तेही त्याच पेटीत. आता ती नात, म्हणजे माझी मुलगी, नोकरीसाठी हैदराबादला निघाली होती आणि आईने एकच धोशा लावला होता. "पोट्टी जायच्या आंधी तिले तिचं गानं आयकव."

गाणं ऐकवायचं तर कॅसेट आधी कम्प्युटरवर चढायला हवी, आणि पेटीतल्या गाण्यांचा संग्रह करायचं ते काम विहाराच्या समितीच्या हातात. समिती म्हणजे पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले आम्ही काही जण, ज्यांचं घरी कोणी ऐकत नाही असे. दुर्गच्या मोहन नगरातली एक मुलगी मदतीला आली. रेल्वेवाल्यांच्या घरातली, लायब्ररीत नोकरी करणारी. तिने पहिल्याच बैठकीत विचारलं, "काका, हे ऐकणार कोण? आणि त्याला आधीपासून काय काय समजतं असं धरायचं? त्यावरून सोबत किती समजावून ठेवायचं ते ठरेल."

साधा प्रश्न, पण समितीला झोंबला. अध्यक्ष म्हणाले, समस्त मराठी समाज. एकजण म्हणाला, येणाऱ्या पिढ्या. तिसऱ्याने परदेशी संशोधक काढला, आणि त्याच्यावर सगळ्यांचा भारी जीव जडला. रिसालीत आजवर एक संशोधक फिरकला नाही, पण त्याला बसवायचं कुठे इथवर चर्चा गेली.

"मग गाण्यांचे अर्थ सोबत ठेवायचे ना?" मुलीने विचारलं.

"अर्थ काहाले?" अध्यक्ष म्हणाले. "मराठी तो अपने खून में है."

हे ते हिंदीत बोलले, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढची सगळी बैठक मराठी कशी टिकवायची यावर झाली, तीही हिंदीतच. शेवटी 'मराठी समाज व येणाऱ्या पिढ्या' असं ठरलं आणि अर्थ रद्द झाले.

आम्हाला तसं वाटायला कारण होतं. आमच्या घरांत मोठी माणसं मराठीत बोलतात आणि पोट्टे हिंदीत उत्तर देतात. जेव, पंखा बंद कर, एवढ्या उशिरा कुठे चालली, सगळं त्यांना बरोबर कळतं. कुठे काही अडत नाही, म्हणून त्यांना मराठी येते असं आम्ही धरून चालतो.

माझी मुलगी निघायच्या आदल्या दिवशी गाणं मोबाइलवर आलं. आई नवं लुगडं नेसून बसली. आईला उभ्या जन्मात एकच चाल येत होती, संथ आणि रडकी, आणि गाणं त्याच चालीत होतं.

*नात आली माह्या दारी, शेजारीन हळहळे भारी,*
*नको नको म्हने पेढा, अन् पुडाच नेला घरी.*

माझी मुलगी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग आजीचा हात धरून हळूच म्हणाली, "बहुत सॅड है ना, आजी? कोई गुज़र गया था क्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येणारी पिढी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसली होती, आणि मी समितीत परदेशी संशोधकाच्या खुर्चीचा बंदोबस्त करून राहिलो होतो.

मी मोहन नगरच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि दोघींना बोलू द्या." मग आई एकेक ओळ सांगत बसली. हळहळ म्हणजे काय, पोट्टी झाली म्हणून शेजारीण दारात उभी राहून च् च् कशी करत होती, पदराखाली पुडा कसा गेला. निम्मं मराठी, निम्मं तिचं मोडकं हिंदी. पुढे अध्यक्षांनी हरकत घेतली की मराठी संग्रहात हे हिंदी कावून. मी त्यांना त्यांच्या नातवाला गाणं ऐकायला घेऊन यायला सांगितलं. ते अजून आले नाहीत.

आईचं सगळं सांगून झाल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "पर आजी, ये किसके लिए बनाया था?"

"तुह्यासाठी, बाई," आई म्हणाली. "अजून कोनासाठी?"

मुलगी आजीला खेटून बसली. मग मराठीत म्हणाली, "एकदा म्हण ना, आजी."

"माहा गळा नाही राहिला आता. तेच लाव."

मी पुन्हा गाणं लावलं. तीच रडकी चाल. दुसऱ्या ओळीला, पुडा घरी गेला तिथे, माझी मुलगी हसली.