बाहेर राहिलेल्या सोळा जणी

आम्ही गाव सोडला तेव्हा वयनी, माझी थोरली जाऊ, घरात नव्हती. सकाळी उठून बघते तर शेजारच्या दाराला कडी. एकाच खळ्यात, म्हणजे अंगणात, आमची दोन घरं. त्या बाजूला थोरला दीर आणि जाऊ, या बाजूला आम्ही. भावजी बिचारे आमची ट्रंक रिक्षात चढवून देत होते आणि मी काही विचारलं नसताना सांगत होते की ती माहेरी गेली, भावाचा अचानक निरोप आला. निरोपबिरोप काही आला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी तिला विहिरीवर बघितलं होतं, आणि मी दिसल्यावर तिने कळशी अर्धीच भरून उचलली तेही बघितलं होतं.

फोंडाघाटच्या स्टँडवर कोल्हापूरची एसटी अर्धा तास उशिरा आली. मालक, म्हणजे माझा नवरा, महिनाभर आधीच तिकडे एका फाउंड्रीत लागला होता. माझ्याबरोबर आठवीतली मुलगी, एक ट्रंक, तांदळाची गोणी आणि कोकमाच्या सोलांचा डबा. मुलीला घाट लागला, दोनदा उलटी झाली. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि मनात एकच चाललं होतं, की वयनी निदान दारात उभी राहायला हवी होती. बोलली नसती तरी चाललं असतं.

हे मी लिहिते आहे ते तुमच्यासाठी, ज्या मागे गावात राहिलात, आणि तुमच्यासाठीसुद्धा, ज्यांनी माझ्यासारख्याच पिशव्या भरून गोवा नाहीतर पुणं गाठलं. आपण बावीस जणी होतो. बापूच्या काजूच्या फॅक्टरीत. फॅक्टरी म्हणायचं ते आपलं बापूचं मन राखायला. होती पत्र्याची लांबलचक शेड, एक बॉयलर, एक ड्रायर आणि आपल्या बावीस जणींचे हात.

त्या हातांचं काय सांगू? वाफवलेली काजूबी कटरखाली फोडायची, तर तिच्यातलं तेल उडतं आणि कातडी जाळतं. राख लावा, खोबरेल लावा, बोटं काळी ती काळीच. इथे कोल्हापुरात पहिल्याच दिवशी सुपरवायझरने माझे हात बघून विचारलं होतं, काही रोग आहे का म्हणून. ज्या फॅक्टरीत मी आता आहे तिथे खाण्याचा माल पॅक होतो, त्यामुळे विचारणं त्याचं बरोबरच होतं. पण मला वाईट वाटलं. त्या हातांनी अख्खा गर बाहेर काढायला मला वयनीने शिकवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी पास होते आणि दिवसभरात निम्मे काजू तुकडे करून ठेवत होते. वयनीला सही येत नव्हती, पण डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती अख्खा गर, अर्धी पाकळी आणि तुकडा वेगळा करायची. माझे तुकडे ती गुपचूप आपल्या टोपलीत घ्यायची. तुकड्यांना किलोमागे पैसे कमी मिळत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

अर्ज करायची कल्पना माझी. सरकारने किमान मजुरी वाढवल्याची बातमी मी पेपरात वाचली आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवली. आपल्याला किलोवर मिळत होतं ते दिवसाच्या हिशोबात सरकारी दराच्या निम्म्याच्या आसपास जात होतं. कुणाचा विश्वास बसेना. मग कुणीतरी म्हणालं, आधी देवाला विचारूया. गेलो देवळात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आपण सगळ्या जणींनी "होय म्हाराजा" म्हटलं, आणि पाषाणावर फुलांच्या ओल्या पाकळ्या लावून त्याने विचारलं, या बायांची मजुरी वाढणार असेल तर उजवा कौल दे. पाच मिनिटांत उजवी पाकळी पडली. एवढा चटकन कौल गुरवानेसुद्धा बघितला नव्हता म्हणे. आपण नाचत घरी आलो.

आता इतक्या वर्षांनी मला त्याचं हसू येतं आणि रडूही येतं. देवाने खोटं काहीच सांगितलं नाही. मजुरी वाढली. काम राहील का, हे आपण बावीस जणींपैकी एकीनेही त्याला विचारलं नव्हतं.

एसटीने ओरोसला जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात गेलो, अर्ज दिला. मी लिहिलेला, बाकीच्यांचे अंगठे आणि सह्या. साहेब चांगला माणूस होता. आम्हाला "आपण बसा" म्हणाला, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. पुढे स्वतः येऊन शेड बघून गेला आणि बापूला समजावून सांगितलं की दर हा कायद्याने द्यावाच लागेल. बापूने दिला. पाच महिने आपल्याला पूर्ण रोज मिळाला. त्या पाच महिन्यांत गावात किती नव्या साड्या दिसल्या, किती पोरांना सायकली आल्या, ते आठवा. वयनीने चष्मा केला. तिची नजर इतकी गेली होती हे चष्मा लावेपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं.

बापूला मी वाईट म्हणणार नाही. तो शेडमध्ये आपल्याबरोबर बसून भाकरी खाणारा माणूस. मोठ्या कारखान्यांकडे परदेशातून बोटीने बी येते, त्यांच्या भावाशी याची गाठ. गर घेणारा व्यापारी पैसे वाढवून देईना, मजुरी तर वाढलेली. त्यात काजू फोडायच्या मशीनला सरकारी सबसिडी असल्याचं त्याला बँकेतल्या कुणीतरी सांगितलं. मजुरी वाढवणारंही सरकार आणि मजूर कमी करणाऱ्या मशीनला पैसे देणारंही सरकार, आणि दोन्ही कागद आपल्याच भल्याचे. मी पुष्कळ विचार करून बघितला, यात चोर कोण ते मला अजून सापडलेलं नाही. बापू एकदा मला म्हणाला होता, "कायदो बरोबर आसा गो. पण माझो धंदो त्या कायद्याएवढो मोठो नाय." तेव्हा मला ते रडगाणं वाटलं होतं.

मशीन आलं त्या सोमवारी बापूने शेडच्या दारात उभं राहून सहा नावं वाचली. बाकीच्यांना म्हणाला, काम निघालं की बोलावतो. सहांत माझं नाव होतं, कारण मशीनवरची बटणं वाचणारी आणि रजिस्टर लिहिणारी मीच. वयनीचं नव्हतं. अख्ख्या शेडमध्ये तिच्याएवढा हात कुणाचा नव्हता, पण आता हाताचं कामच उरलं नव्हतं. मी आत गेले आणि मशीनसमोर बसले. मुलीची फी भरायची होती, मालकांचं काम तेव्हा बंद होतं. दुसरं काय करणार होते?

त्या दिवसापासून वयनी माझ्याशी बोलायची थांबली. एका खळ्यात राहून दीड वर्षं. नळाला पाणी आलं तर माझ्या मुलीला सांगायची, "तुझ्या आवशीक सांग, पाणी इला." मी दोन हातांवर उभी असले तरी मुलीलाच. माझी खात्री होती की तिचा राग त्या अर्जावर आहे. मीच पेपर वाचला, मीच लिहिला, मीच सगळ्यांना ओरोसला नेलं. शिवाय ज्या मशीनने तिचं काम घेतलं ते चालवायलाही मीच बसले. त्या मशीनचंही पुढे काही धड झालं नाही. ते गर फार फोडायचं, तुकड्याला भाव नाही, वीजबिल निघेना. बापू वर्षातून दोन महिने शेड चालवू लागला, आम्ही सहा जणीही घरी बसलो, आणि मालकांना फाउंड्रीत जागा मिळाली तसं आम्ही घाट चढलो.

इथे येऊन आता सहा वर्षं झाली. भाडं, गॅस, ट्यूशन. मासे मिळतात, पण बर्फातले. लोक मला कोकणी बाई म्हणतात. मी पंचिंग, गेटपास, ओटी, सेकंड शिफ्ट असे शब्द आता झोपेतसुद्धा बोलते. पगार सरकारी दराने, स्लिपवर पीएफ कापलेला. मात्र मी कंपनीची नाही, कॉन्ट्रॅक्टरची. काही महिने भरत आले की तो आम्हाला "ब्रेक" देतो. महिनाभर घरी बसायचं, मग पुन्हा नव्याने लागायचं, म्हणजे आम्ही कधीच कायम होत नाही. कागद त्याचेही बरोबर असतात. बरोबर कागदांचा मला आता कंटाळा आला आहे.

दर चतुर्थीला गावी जातेच. गणपती थोरल्या घरात, न जाऊन चालत नाही. वयनी पानात वाढायची, मोदक आग्रहाने द्यायची, बोलायची मात्र पोरांशी. यंदा ब्रेक थंडीत आला, म्हणून मी एकटीच पंधरा दिवस गावी जाऊन राहिले. वयनी आता आंब्याच्या दिवसांत देवगडला एका बागेत पेट्या भरायला जाते, दीड महिना तिथेच राहते. एरवी गावात रोजगार हमीचं काम निघालं तर निघालं. ती खळ्यात कुळीथ पाखडत बसली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी जाऊन समोर बसले आणि इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलून टाकलं. की मी तो अर्ज लिहायला नको होता, आधी बापूशी बोलायला हवं होतं, मला मशीनचं आणि सबसिडीचं काही माहीत नव्हतं, माझ्यामुळे तुझं काम गेलं.

ती पाखडत राहिली. सूप खाली ठेवल्यावर म्हणाली, "माका अर्जाचो कधीच राग नव्हतो. अर्ज आपण सगळ्यांनी केलो. मजुरी हकाची होती." मग माझ्याकडे बघत, "बापून नावां वाचल्यान आणि तू भितर जावन बसलंस. सोळा जणी भायर होत्यो. तू एकदा भायर येतलंस, आमच्याबरोबर उबी रवतलंस, असा माका वाटला होता. दुपारपर्यंत वाट बघलंय मिया."

मी सहा वर्षं, आणि त्याआधीची दीड वर्षं, सरकारशी, बापूशी, देवाच्या कौलाशी भांडत होते. माझी चूक भलतीकडेच होती आणि ती अर्ध्या दिवसाची होती. मी बाहेर आले असते तर मशीन परत गेलं नसतं, हे तिलाही कळत होतं. तिला ते हवंच नव्हतं. तिने उठून चहा केला आणि आम्ही तो खळ्यातच बसून प्यायलो. त्यानंतर मी होते तोवर पाणी आल्याचं ती मला सांगत होती.

परत आले आणि ब्रेकनंतरच्या पहिल्या सोमवारी गेटवर हजर झाले. दिवाळीनंतर मजुरीचा दर पुन्हा वाढलाय. चांगली गोष्ट आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने यादी काढली आणि म्हणाला, या वेळी सगळ्यांना घेता येणार नाही. तो नावं वाचत गेला. माझं नाव आलं. अकरा जणी राहिल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, पंचिंगची वेळ संपत आली तोपर्यंत. त्यातल्या दोघी रडत होत्या, एक जण म्हणाली, मावशी, तुम्ही कशाला खोळंबताय, जावा. मी आत गेलेच नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी गेले. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे.

संध्याकाळी वयनीला फोन केला. आता मी तिलाच करते. झालं ते जसंच्या तसं सांगितलं, आत गेले तेही. मग तिने विचारलं, "भायर रवल्यो त्यांची नावां तुका ठावक आसत?" मी म्हटलं, हो, सगळ्यांची. "मगे सांग."

मी एकेक नाव सांगत गेले, कोण कुठली, कुणाला किती मुलं, कुणाचा नवरा काय करतो. तिने त्या बायकांना कधी बघितलेलं नाही, बघणारही नाही. तरी प्रत्येक नावाला ती "हां" म्हणत होती, आणि नववं नाव सांगून मी थांबले तर म्हणाली, अजून दोघी रवल्यो.