अकरा घरांतली एक खुर्ची

'हातांची, गादीची खुर्ची: एक. स्थिती: चांगली.' ही ओळ मी एकाच दुपारी अकरा वेळा टाइप केली आणि एकदाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. अकरा वेगवेगळी घरं, एकच गल्ली, सगळीकडे तीच खुर्ची. शाळेतल्या पोराला शंका आली असती. पण मी तेव्हा वॉर्ड कचेरीत तेवीस वर्षं मुरलेली कारकून होते. समोर येईल ते टाइप करायचं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात राहायचं, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा अभिमानही होता. गोष्ट मावशींची आहे, पण तिची सुरुवात माझ्या गाढवपणापासून होते, म्हणून आधी तो सांगून मोकळी झाले.

मावशी वेताच्या खुर्च्या विणायच्या. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या, म्हाताऱ्या वकिलांच्या खुर्च्या त्यांच्याकडे यायच्या. खुर्ची आली की त्या पहिल्यांदा ती उलटी करायच्या. गिऱ्हाईक वरचं भोक दाखवत असायचं आणि मावशी पायांच्या मधे डोकं घालून खालची चौकट बघत असायच्या. "वरून काय, सगळ्याच बऱ्या दिसतात," असं म्हणायच्या. मग वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालायच्या आणि विणून झालं की बैठकीवर मूठ आपटून बघायच्या. मूठ उडाली पाहिजे, नाहीतर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्या घरी त्या आणि त्यांची थोरली जाऊ, अशा दोघीच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता नव्हते. जावेला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्कांना दम्याचा त्रास. दवाखान्यातून मिळणारा पंप तोंडात धरून ओढला की त्या दिवसभर हिंडायच्या-फिरायच्या. पंप नसला की भिंतीला टेकून बसायच्या आणि श्वास मोजून घ्यायच्या. हा पंप सवलतीच्या कार्डावर फुकट मिळे. बाहेरून तो विकत घेणं मावशींच्या आवाक्यातलं नव्हतं.

आता ती खुर्ची. एका डॉक्टरांनी ती दुरुस्तीला टाकली आणि दवाखाना बंद करून ते कुठेतरी निघून गेले. वेताची पाठ, जाड गादी, दोन्ही बाजूंना हात. उजव्या हातावर कुणीतरी कधीतरी गरम इस्त्री टेकवल्याचा तिकोनी काळा डाग. चार वर्षं कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा ती गल्लीची झाली. कुणाकडे जावई येवो, मास्तर येवोत, की तापाच्या पेशंटला बघायला नर्स येवो, खुर्ची त्या घरी जायची आणि पाहुणा उठला की परत मावशींकडे यायची. न मागता जायची. पाहुण्याला जमिनीवर बसवलं असं त्या गल्लीत कुणी कुणाच्या तोंडून ऐकून घेतलं नसतं.

त्या वर्षी कार्डांची फेरतपासणी निघाली. आमच्या कचेरीतला पाहणीवाला फॉर्म आणि फोन घेऊन घरोघर गेला. आदल्या दिवशी गल्लीने काय करावं? घरं सारवली-पुसली, भांडी घासली, पोरांचे केस विंचरले. सरकारचा माणूस पहिल्यांदाच घरी येणार म्हणून अकरा घरांनी खुर्चीची व्यवस्था केली. पाहणीवाला एका घरातून उठून पुढच्या दाराशी सही घेत उभा राहिला की खुर्ची मागच्या बोळातून पुढच्या घरी पोचायची. नेणाऱ्या खुद्द मावशी. त्यांनीच ही कल्पना काढली, त्यांनीच ती वाहिली आणि संध्याकाळी पाठीला शेक घेत म्हणाल्या, "शोभा झाली हो सगळ्यांची."

शोभा अशी झाली की महिन्याभरात अकराही कार्डं बंद. फॉर्मावर वस्तूंना गुण होते आणि चांगल्या खुर्चीला भरपूर. वर पत्रा चांगला, घर स्वच्छ. बेरीज रेषेच्या वर गेली, म्हणजे कुटुंब गरीब राहिलं नाही. गल्लीत एकच कार्ड वाचलं, बाराव्या घराचं. तिथे राहायची तोफ. हे तिचं गल्लीने ठेवलेलं नाव, आणि तिला ते आवडायचं. पाण्याच्या नळावरून मावशींशी तिचं वाजलेलं होतं, म्हणून तिने खुर्ची घ्यायला साफ नकार दिला होता आणि पाहणीवाल्याला उपड्या बादलीवर बसवला होता.

मावशी कचेरीत आल्या त्या खुर्ची डोक्यावर घेऊन. माझ्या टेबलासमोर ती ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, ही बघा तुमची अकरा घरांची श्रीमंती."

मी आधी नेहमीप्रमाणे म्हणाले की तक्रार लेखी द्या. मग माझी नजर त्या काळ्या डागावर गेली. पाहणीवाल्याने प्रत्येक घरात फोटो काढलेले, ते माझ्याच कॉम्प्युटरवर होते. मी उघडले. अकरा फोटो, अकरा भिंती, उजव्या हातावर अकरा वेळा तो तिकोनी डाग. मला इतकी लाज वाटली की मी उठून पाणी प्यायले.

"आमच्या अक्कांच्या पंपात थोडंच राहिलंय," मावशी म्हणाल्या. "आठवडाभराचं असेल. कुणाला भेटू ते सांगा."

आमच्याकडे आढावा समिती होती, सात जणांची. सातवी जागा कार्डधारकांच्या प्रतिनिधीची. ती चार वर्षं रिकामी होती आणि दर बैठकीच्या इतिवृत्तात मी तिच्यापुढे 'अनुपस्थित' असं सुबक अक्षरात टाइप करत होते. जो माणूस कधी बोलावलाच नाही, तो अनुपस्थित. मी मावशींना म्हणाले, "गल्लीने ठराव करून तुम्हाला पाठवलं, तर कुणी अडवू शकत नाही. बैठक गुरुवारी आहे."

ठरावासाठी गल्ली जमली. एकीने लगेच सुनावलं, की खुर्ची फिरवायची अक्कल जिची, तिलाच कशाला पाठवायचं. मावशींनाही तेच वाटत होतं. तेव्हा तोफ उठली. "तिने घातलाय गोंधळ, तीच निस्तरेल. मला पाठवाल तर मी साहेबाशी भांडून घरी येईन. हिला उलटं करून बघायची सवय आहे." आणि पहिला हात तिने वर केला. मावशींनी पुढे मला सांगितलं की नळाचं भांडण त्यांनी त्याच क्षणी मनातून काढून टाकलं.

गुरुवारी सकाळी मावशी समितीच्या खोलीत आल्या. मी फोटो टेबलावर ओळीने मांडले. पाहणीवाला बिचारा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मला वाटलं, सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतल्या." समितीचे अध्यक्ष, आमचे साहेब, हसले, मग सगळे हसले, आणि मावशीही हसल्या. वातावरण एकदम मोकळं झालं. साहेब माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "मावशी, चूक आमची. ही अकरा कार्डं मी विशेष बाब म्हणून आत्ता सुरू करतो. संध्याकाळी पंप घेऊन जा."

मला वाटलं, झालं काम. पण मावशींनी फॉर्मचा कागद पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, "वाचून दाखवा, पहिल्यापासून." मी वाचला. पंखा, घड्याळ, पलंग, खुर्ची, स्टीलची भांडी. त्या ऐकत राहिल्या.

"आमच्या मागच्या गल्लीत एक पंखा आहे असाच, घरोघर फिरता," त्या म्हणाल्या. "त्याच्या पलीकडच्या गल्लीत भिंतीवरचं घड्याळ. त्यांची कार्डं?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी सरळ सांगितलं: "फॉर्मच चुकीचा आहे असं म्हणायचं असेल, तर तसा प्रस्ताव मुख्य कचेरीत पाठवावा लागेल. तुमची अकरा प्रकरणं हाच त्याचा पुरावा. ती आज निकालात काढली, तर वर पाठवायला हातात काही उरत नाही. आणि वर पाठवली, तर उत्तर येईपर्यंत तुमची कार्डं बंद राहतील. पंधरा दिवस लागतील, महिनाही लागेल. काय करायचं ते सांगा."

खोलीतले सगळे मावशींकडे बघत होते. एका बाजूला संध्याकाळचा पंप, दुसऱ्या बाजूला ज्यांची नावंही माहीत नाहीत अशी माणसं. मी त्यांच्या जागी असते तर पंप घेऊन घर गाठलं असतं, आणि मला कुणी नावं ठेवली नसती.

"मला विचारून यावं लागेल," मावशी म्हणाल्या.

"कुणाला?" एका सदस्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. तो सहा वर्षं समितीवर होता आणि त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"ज्यांनी पाठवलं त्यांना. मी माझी एकटीची आले नाही. तुमचं जेवण होईपर्यंत येते."

त्या गेल्या. मीही डबा न उघडता त्यांच्या मागे गेले; आयुष्यात पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही. दुपारची वेळ, गल्लीतले अर्धे लोक कामावर. जे होते ते अक्कांच्या दारात जमले. मावशींनी दोन्ही बाजू जशाच्या तशा सांगितल्या, आणि शेवटी अक्कांकडे बघायचं टाळून म्हणाल्या, "मला वाटतं, कार्डं घेऊन मोकळं व्हावं."

अक्कांनी पंप कानाशी नेऊन हलवला. "जपून घेतला तर दहा दिवस जाईल," त्या म्हणाल्या. "पंखेवाल्या गल्लीत माझ्यासारखं कुणी असेल. तू फॉर्म बदलून ये."

"अक्का, तुम्हाला काही झालं तर?"

"मग तेव्हा रड. आत्ता उशीर होतोय."

मावशी तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या. फार नाही, पदराने डोळे पुसण्याइतक्या. मग गल्ली कामाला लागली, कारण नुसतं फॉर्म चुकलाय म्हणून भागणार नव्हतं, त्याच्या जागी काय हवं ते सांगावं लागणार होतं. तोफेने तोंड सोडलं आणि मी लिहून घेतलं. घरात काय आहे ते मोजू नका. गेल्या महिन्यात कुणी औषध अर्ध्यावर सोडलं का, ते विचारा. किती दिवस काम मिळालं नाही, ते विचारा. मूल शाळा बुडवून धाकट्याला सांभाळत बसलं का, ते विचारा. पाहणी लोक कामावरून परतल्यावर करा. आणि फॉर्म भरताना गल्लीतलं एक माणूस शेजारी बसवा, म्हणजे कुणी लाजेने खोटं बोलणार नाही आणि कुणी हावेनेही बोलणार नाही. हे शेवटचं अक्कांचं.

दोन वाजता मावशींनी हे सगळं समितीपुढे सांगितलं. एका सदस्याने शंका काढली की लोक काहीही सांगतील. मावशी म्हणाल्या, "सांगू दे की. शेजारीण बसलीये ना बाजूला. ती सोडेल होय?" मत घेतलं तेव्हा पाच हात वर आणि दोन खाली. पाचवा हात साहेबांचा होता.

टपालाने फाईल गेली असती तर मुख्य कचेरीत महिनाभर लोळत पडली असती. ती मी हाताने नेली. दर दिवसाआड जाऊन तिथल्या बाबूच्या टेबलासमोर उभी राहायची. बसायला सांगितलं तरी बसायची नाही. त्याने एकदा वैतागून विचारलं, "तुमचं कोण आहे यात?" मी म्हणाले, "अकरा वेळा टाइप केलंय मी ते."

अक्कांचा पंप दहाव्या दिवशी संपला. अकराव्या दिवशी त्या भिंतीला टेकून बसल्या. मावशींनी भिजत घातलेला वेत तसाच बादलीत राहिला. तोफ सकाळपासून पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि हळू आवाजात बोलत होती, ते गल्लीने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. बाराव्या दिवशी दुपारी मंजुरीचं पत्र माझ्या हातात पडलं: फॉर्म बदला, आणि नवी पाहणी होईपर्यंत बंद केलेली सगळी कार्डं सुरू ठेवा. मी रिक्षा करून थेट दवाखान्यात गेले, पंप घेतला आणि मग गल्लीत. अक्कांनी तो ओढला आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पंखेवाल्यांचं झालं का?" मी म्हणाले, "सगळ्यांचं झालं." त्यानंतरच त्या निवांत झोपल्या.

मावशी आजही समितीवर आहेत. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत विचारायला जातात, आणि आता साहेबांनी ती सुट्टी अर्ध्या तासाने वाढवली आहे. आणखी दोन सदस्यही कुणाला तरी विचारून येऊ लागलेत. त्यांना ते अजून नीट जमत नाही, पण जातात.

नव्या फॉर्मची पहिली पाहणी लागली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. तोच पाहणीवाला, संध्याकाळची वेळ, घरं पुन्हा सारवलेली. खुर्चीही निघाली, या वेळी पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत. पाहणीवाला अकराही घरांत तिच्यावर बसला, कारण फॉर्मावर आता तिला जागाच नव्हती. अकरावं घर झालं तेव्हा तोफ आपल्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझ्याकडे बादली आहे," ती म्हणाली.

मावशी खुर्ची उचलायला वाकल्या. अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला, खुर्ची आपल्या डोक्यावर घेतली आणि बाराव्या घरी नेऊन ठेवली. वाटेत त्या एकदाच थांबल्या, तेही पदर सावरायला.