कोल्ड स्टोरेजमधली हाक

मी बर्फाची कादंबरी लिहायला घेतली तेव्हा बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला होता. विमान कोसळून निर्जन हिमप्रदेशात अडकलेले दोन मित्र, हाडं गोठवणारी थंडी, सुटकेची आशा नाही. आणि हे सगळं मी बिबवेवाडीत, ऐन उकाड्यात, पंख्याखाली बसून लिहीत होते. प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. 'भीती वाटत नाही,' एवढंच कळवलं. तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली आणि मी चिडले ती बाबांवर.

कारण बाबा मला धड लिहू देत नसत. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. मी खोलीचं दार लावून बसले की दर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेरून हाक येई, "आहेस का गं?"

"नाही, मांजरी गावाला गेलेय, ऊस तोडायला," मी आतून खेकसायची. तेवढं ऐकलं की ते गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

परत आलेलं बाड त्यांनी दोन दिवसांत वाचून काढलं. मी न विचारताच म्हणाले, "तुझी माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत?"

"थंडीत दम वाचवतात, बाबा."

"कुणी सांगितलं?"

बाबांनी मार्केट यार्डाजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये तीस वर्षं काढली. पण गोठवलेल्या मटारात कसली आलीय कादंबरी, म्हणून मी कधी काही विचारलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. आत एक जण गेला की दारात दुसरा उभा. दारातल्याने सारखं विचारायचं, "आहेस का?" आणि आतल्याने ओ द्यायची. उत्तर काय आलं याला महत्त्व नाही, किती वेळाने आलं ते बघायचं. शिवी आली तर उत्तम. जीभ जड वाटली की त्याला ओढून बाहेर काढायचं, तो नको म्हणाला तरी.

"गारठलेल्या माणसाला आपण गारठलोय हे कळत नाही गं. ते दारातल्याला कळतं."

मी ओशाळले, तरी म्हणालेच, "पण माझी खोली काय कोल्ड स्टोरेज आहे?"

बाबा चष्मा पुसत राहिले. "तुझी आई त्या दिवशी दुपारी झोपली होती," ते म्हणाले. "मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. झोपमोड नको म्हणून हाक मारली नाही."

इतके दिवस त्यांच्यावर खेकसत होते, त्याची फार लाज वाटली.

कादंबरी मी पुन्हा लिहितेय. दोघे मित्र आता सारखे एकमेकांना हाका मारतात, भांडतात. माझ्या खोलीचं दार उघडं असतं. परवा लिहिता लिहिता लक्षात आलं, बराच वेळ झाला, हाक नाही. मीच ओरडले, "बाबा, आहात का?"

उत्तर येईना. मी खुर्ची सरकवून उठले.

"नाही," बाहेरून आवाज आला, "मांजरीला गेलोय."