काठावरचा ढीग

रोपवाटिकेत नवा माणूस कामाला आला की त्याला आधी शेड दाखवत, मग खतांची खोली, आणि शेवटी लांबूनच तळ्याकडे बोट करून सांगत, "तिथं मावशी. पाण्याला हात लावायचा तर तिला विचारून."

मावशी म्हणजे बावन्न वर्षांची काटक बाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. एकवीस वर्षं ती त्या तळ्यातलं शेवाळ काढत होती. लांब बांबूच्या टोकाला आडवी फळी बांधून, तिच्यात खिळे ठोकून तिनं स्वतःच एक फणी केली होती. ती पाण्यात फिरवली की शेवाळाचा गुंता पोरीच्या केसांतल्या गुंत्यासारखा अलगद हाताशी यायचा. नखांतला हिरवा रंग मात्र कशानं निघत नसे. नवरा घरी शिवणकाम करायचा. ती दारात आली की टेप नाकाला लावून म्हणायचा, "तळं घरी आणलंस की काय?"

"आणलं असतं, पण तुमची मशीन बुडेल."

त्या हंगामात तळं बिघडलं. पाणी वाटलेल्या पाल्यासारखं घट्ट हिरवं झालं. पंप ते ओढायचा, शेवाळाचे धागे गाळणीतून निसटायचे आणि शेडमधल्या फवाऱ्यांच्या बारीक तोंडात जाऊन बसायचे. एका दुपारी तिसऱ्या रांगेतले फवारे मुके झाले. कुणाच्या ध्यानात येईपर्यंत कोवळ्या रोपांच्या चाळीस ट्रेंनी माना टाकल्या होत्या.

वडिलांकडून नुकताच कारभार घेतलेले धाकटे मालक शेवाळ मारायच्या मोरचुदाची गोणी घेऊन तळ्यावर आले.

"मावशी, उद्या हे पाण्यात टाकायचं. दोन दिवसांत तळं साफ."

"तळंही साफ आणि मासेही साफ," मावशी म्हणाली. "सगळं शेवाळ एकदम मेलं की कुजतं, मालक. कुजताना पाण्यातली हवा खातं. मासे वर येऊन तोंडं वासतील. आणि तेच औषधाचं पाणी तुम्ही या कोवळ्या मुळांना पाजणार?"

"मग एकवीस वर्षं फणी फिरवून काय मिळवलंत?"

ते मावशीच्या जिव्हारी लागलं. तिनं फणी जमिनीत रोवली. "वीस दिवस द्या."

"मोठ्या बागेच्या ऑर्डरची रोपं वीस दिवसांनीच जायची आहेत. तोवर एक जरी फवारा तुंबला, तर गोणी तळ्यात आणि तुम्ही कुंड्या भरायला."

"कबूल."

कुंड्या भरायच्या कामावर तिची धाकटी जाऊ होती. मालक शेडमध्ये परतायच्या आधीच बातमी तिच्यापर्यंत पोचली. "या जाऊबाई, तुमचं स्टूल पुसून ठेवलंय."

"तुझ्या शेजारी बसण्यापेक्षा बेडकांची सोबत बरी. ते निदान मधूनमधून गप्प बसतात."

पाच दिवस तिनं उजाडल्यापासून मावळेपर्यंत फणी ओढली. खांदे भरून आले. पण जितकं काढावं तितकं दुसऱ्या दिवशी हजर. सहाव्या सकाळी ती काठावर मटकन बसली आणि बसल्या जागेवरून तिला तो ढीग दिसला. तसा तो रोजच दिसायचा. काढलेलं शेवाळ ती काठावरच टाकायची. पाणी निथळलं की हलकं होतं, मग महिन्याकाठी गाडीत भरून न्यायचं. त्या ढिगाखालून चहाच्या रंगाचा एक ओघळ निघून तळ्यात उतरत होता, आणि तो जिथं उतरत होता तिथंच शेवाळाची गादी सगळ्यात जाड होती.

ती उठून पलीकडच्या काठाला गेली. शेडमधल्या कुंड्यांतून झिरपलेलं खताचं पाणी नालीतून तिथं तळ्यात परत यायचं. तिथंही तशीच गादी.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "एका हातानं काढत होते आणि दुसऱ्या हातानं जेवू घालत होते!"

ढीग गुपचूप हलवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण मावशी चिखलाच्या बुटांसकट थेट ऑफिसात गेली. "मालक, चूक सापडली. नाली तुमची आहे, पण ढीग माझा. एकवीस वर्षांचा."

मालक फरशीवरच्या चिखलाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माणसं किती लागतील?"

"दोन. आणि विक्रीला न जाणारी ती मोडकीतोडकी कर्दळ, सगळी."

ढीग उताराच्या पलीकडे खतखड्ड्यात गेला. नाली एका लांब चरात वळवली आणि चरात दाटीनं कर्दळ लावली. कर्दळ खादाड, येणारं खत वाटेतच फस्त करते. तळ्याच्या निम्म्या भागावर जुनी सावलीची जाळी ताणली, म्हणजे शेवाळाला ऊन कमी मिळेल. पंपाच्या पाइपाचं तोंड रिकाम्या तरंगत्या कॅनला असं टांगलं की ते वरच्या शेवाळाच्या साईपासून हातभर खाली आणि गाळापासून हातभर वर राहील. गाळणी ती दिवसातून दोनदा स्वतः धुवायची. दुसऱ्याच्या धुण्यावर तिचा विश्वास नव्हता.

विसाव्या सकाळी धाकट्या मालकांनी स्वतः पंप चालू केला आणि एकेक रांग चालत पाहिली. मावशी मागं, हात पाठीशी बांधून. सगळ्या रांगांवर फवाऱ्यांचं धुकं धरलं होतं. तरी मालकांनी मधलेच चार फवारे खोलून तळहातावर आपटून पाहिले. पाण्याच्या दोन थेंबांखेरीज काही पडलं नाही.

"पण मावशी, तळं अजून हिरवटच आहे."

"तळं आहे ते, आरसा नाही. माशांनी काय हवा खाऊन जगायचं?"

मालक हसले. रोपं गाडीत चढली, गोणी दुकानात परत गेली. जाऊ स्टुलावरून ओरडली, "मग कुंड्यांकडे कधी येणार?"

"तळ्याला माझ्यावाचून करमत नाही की!" मावशीनं तिकडून हाळी दिली.

मालकांनी पंपाशेजारच्या भिंतीवर तळ्याचे नियम लिहायला घेतले. खडू हातात धरून विचारलं, "पहिलं काय लिहू?"

"शेवाळ काठावर टाकायचं नाही. आणि त्याखाली लिहा, मावशीनं एकवीस वर्षं टाकलं होतं."

"हे कशाला?"

"नुसता नियम कोण वाचतो? माझं नाव बघून वाचतील," मावशी म्हणाली, आणि फणी खांद्यावर टाकून तळ्याकडे निघाली.