फोनवरून आलेल्या चाली

आमचे पहिले पाळक गीतं सुंदर लिहायचे, पण त्यांना गळा नव्हता. तेव्हा दुबईत मराठी लुथरन कुटुंबं मूठभरच होती. शुक्रवारी ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये आम्ही उपासनेला जमायचो. एरवी पाळकसाहेब शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपचं ऑफिस सांभाळत. गीतांचे शब्द त्यांना तिथेच सुचत. चाली मात्र विदर्भातून येत. त्यांच्या पत्नी आजारी सासूपाशी गावी राहिल्या होत्या, त्या लावत.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखालच्या बूथमधून ते फोन लावत. आईची चौकशी करत, नवे शब्द सांगत आणि उपासनेत गीत मी सांगायचे म्हणून रिसीव्हर माझ्या हातात देत. मग पलीकडून त्यांच्या पत्नी आधीच्या आठवड्याचं गीत चालीवर गात. मी त्यांना मावशी म्हणायचे, पण कधी पाहिलेलं नव्हतं. मागून भांड्यांचे, कोंबड्यांचे आवाज यायचे. बूथमध्ये जीव उकडून निघे, तरी मला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटे. मी चुकले की त्या म्हणत, "इथं श्वास नको घेऊ बाई, देवाचं नाव तुटते."

पाळकसाहेब काचेबाहेर उभे असत. कार्ड बहुतेक वेळा गाण्यातच संपायचं, त्यांचं बोलणं राहूनच जायचं.

एका गुरुवारी मावशी दोन ओळी गाऊन थांबल्या. दम लागला होता. म्हणाल्या, "पुढची चाल तूच लाव. अन् यांना सांगू नको."

मी बाहेर येऊन लगेच सांगितलं. त्यांनी रजा मागितली. पासपोर्ट कंपनीकडे होता आणि मॅनेजर रोज इन्शाल्ला म्हणत राहिला. शेवटी सुटका झाली, मावशींची भेटही झाली. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

ते परतले तेव्हा मी उरलेल्या ओळींना चाल लावून ठेवली होती. भीत भीत गायले. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "शुक्रवारी हेच घेऊ." आणि आम्ही ते घेतलं.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी मुद्दाम त्यांच्या गावी गेले. रविवारी तिथल्या ख्रिस्ती देवळात बायकांनी तेच गीत म्हटलं. पहिल्या दोन ओळी माझ्या ओळखीच्या होत्या, पुढच्या वेगळ्याच वळल्या, अशा सहज की माझी चाल मला जोडकाम वाटली. नंतर मावशींच्या जावेनं सांगितलं, अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ती पूर्ण केली होती. पाळकसाहेब तेव्हा उशाशी बसले होते.

दुबईला आल्यावर मी त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं.

"तिची चाल गावात गातात," ते म्हणाले. "इथं तुमची राहू द्या. तिनंच तुम्हाला सांगितलं होतं ना?"

आम्ही तशीच गात राहिलो, ते कायमचे गावी गेल्यावरही. मला मात्र मावशींचीच हवी होती.